धातू आणि कार्बन : पकड किती घट्ट?

बारामती तालुक्यातील कन्हेरी म्हटले की मारुतीचे मंदिर आणि निवडणूक प्रचाराचा नारळ आठवतो. पण मोबाइलच्या, ई-स्कूटरच्या बॅटऱ्या आता अशा गावांतही पोहोचल्या आहेत. त्यांतल्या काहींमध्ये केसाच्या हजारो पट बारीक अशा कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळलेल्या असतात.

पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एका अणूइतका पातळ पापुद्रा म्हणजे ग्राफीन. त्याची गुंडाळी म्हणजे नॅनोनळी. दोन्ही उत्तम वीजवाहक. पण वीज त्यांच्यात शिरते ती धातूतून, त्यामुळे खरा प्रश्न सांध्याचा. सोने ग्राफीनवर नुसते टेकते, तर टायटॅनियम व निकेल त्याच्याशी रासायनिक बंध जोडतात. सांधा कच्चा असेल तर विरोध वाढतो आणि वीज उष्णतेत वाया जाते.

पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये देशी बनावटीच्या इंधनघटावर चालणारी हायड्रोजन बस दाखवण्यात आली. अशा इंधनघटात सहसा प्लॅटिनमचे सूक्ष्म कण कार्बनवर बसवलेले असतात. पकड सैल झाली की कण सरकतात, एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि महागड्या धातूचे काम मंदावते. म्हणून उद्घाटनाइतकाच पैसा टिकाऊपणाच्या दीर्घ चाचण्यांवर खर्च व्हायला हवा.

आरोग्याच्या दृष्टीनेही सुटे काय होते, हेच महत्त्वाचे. नॅनोनळ्या तयार करताना लोह, कोबाल्ट किंवा निकेल वापरतात आणि त्यांचा अंश मागे राहू शकतो. लांब, ताठ नळ्यांचा परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत ॲस्बेस्टॉससारखा दिसला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये त्यांतल्या एका प्रकाराला ‘संभाव्य कर्ककारक’ ठरवले. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये कामाच्या जागी हवेत घनमीटरला एक मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली.

बंद बॅटरी खिशात बाळगणाऱ्याने यामुळे घाबरू नये. धोका आहे तो कोरडी भुकटी हाताळणाऱ्या कामगाराला आणि जुनी बॅटरी फोडणाऱ्या, जाळणाऱ्या भंगारवाल्याला. जळत्या लिथियम बॅटरीचा धूर तर तसाही विषारीच.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती कागदावर राहू नये. ग्रामपंचायतीत बॅटरी जमा करण्याची पेटी आणि कारखान्यात हवेची नियमित मोजणी, एवढे तरी व्हावे. नवे तंत्रज्ञान जरूर यावे, पण त्याची किंमत कुणाच्या फुप्फुसांनी मोजू नये.