चालकाविना मोटार : विश्वास कशावर ठेवायचा?



आपल्या वाशीम जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार व मालेगाव येथे समृद्धी महामार्गावर चढता-उतरता येते. ११ डिसेंबर २०२२ रोजी या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. वाटेत चौक नाही, सिग्नल नाही, समोरून येणारे वाहन नाही. मग अशा रस्त्यावर मोटार चालकाविना का धावू नये?

या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, “यंत्राच्या हाती जीव कसा सोपवायचा?” दुसरा म्हणतो, “परदेशात चालते, मग आपल्याकडे का नको?” माझ्या मते दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्यात नुसती भीती आहे, दुसऱ्यात नुसता भाबडेपणा. पुरावा दोहोंतही नाही.

नव्या वाहनाची भीती नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६५ साली असा कायदा झाला, की रस्त्यावरील वाफेच्या गाडीपुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे. आज त्याचे हसू येते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात फेब्रुवारी २०२४ मध्ये जमावाने एक चालकविरहित टॅक्सी जाळून टाकली. उलट दिल्ली मेट्रोच्या एका मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी सुरू झाली आणि प्रवासी तीत निर्धास्त बसू लागले. पण मेट्रोला स्वतःचा रूळ असतो. तिच्या वाटेत गुरे येत नाहीत. रस्त्यावरच्या मोटारीचे काम त्याहून पुष्कळ अवघड आहे.

ही मोटार पाहते कशी? कॅमेरे, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडार ही तिची ज्ञानेंद्रिये. त्यांनी टिपलेल्या माहितीवरून समोर माणूस आहे की खांब, तो कोणीकडे निघाला आहे, हे संगणक ठरवतो आणि ब्रेक किंवा सुकाणू हलवतो. यंत्राला डुलकी लागत नाही, ते दारू पीत नाही. हा गुण थोडा नव्हे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत दगावली. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धीवरील एका बसच्या अपघातात २५ प्रवासी प्राणांस मुकले. तेव्हा “माणूस चालवतो म्हणजे सुरक्षित” असे कोणी समजू नये.

पण यंत्रही चुकते, आणि माणसाहून निराळ्या तऱ्हेने चुकते. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी गावी चाचणीच्या एका मोटारीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीस धडक दिली व ती मरण पावली. धडकेच्या साडेपाच सेकंद आधीच यंत्राला काहीतरी दिसले होते. परंतु ते वाहन, सायकल की अनोळखी वस्तू, याचा निर्णय ते पुनःपुन्हा बदलत राहिले. मोटारीत देखरेखीला माणूस होता. त्याची नजर मोबाइलवर होती.

या शेवटच्या गोष्टीकडे नीट लक्ष द्या. नव्वद टक्के काम यंत्राने करायचे आणि उरलेल्या दहा टक्क्यांसाठी माणसाने जागे राहायचे, ही वाटणी वरवर सोयीची वाटते. पण काही काम नसले की लक्ष उडते. सरळ, एकसुरी महामार्गावर डोळे जड होतात, तेच येथेही घडते. म्हणून पूर्ण यंत्रापेक्षा अर्धवट यंत्रावरचा पूर्ण विश्वास मला अधिक धोक्याचा वाटतो.

मग पुरावा कोणता मानावा? एक हिशेब करू. अमेरिकेत ढोबळ मानाने १६ कोटी किलोमीटर प्रवासामागे रस्त्यावर एक माणूस दगावतो. एखादी मोटार ताशी १२० किलोमीटर वेगाने रात्रंदिवस पळवली, तर वर्षाला सुमारे साडेदहा लाख किलोमीटर होतील. १६ कोटींसाठी दीडशे वर्षे लागतील! म्हणजे “आमची मोटार महिनाभर बिनधोक चालली” हे सांगणे म्हणजे पुरावा नव्हे. पुष्कळ मोटारी, पुष्कळ अंतर आणि प्रत्येक अपघाताची उघड नोंद हवी.

ती नोंदही आपल्या रस्त्यांवरची हवी. फिनिक्समध्ये २०२० सालापासून चालकविरहित टॅक्सी लोकांना मिळते; पण तेथील यंत्राने रस्त्याच्या अर्ध्या भागावर वाळत घातलेले सोयाबीन पाहिलेले नाही, पोळ्याचे सजवलेले बैल पाहिलेले नाहीत, रामनवमीला पोहरादेवीकडे लोटणारी गर्दीही पाहिलेली नाही. समृद्धीवर उत्तीर्ण झालेली मोटार मानोऱ्याच्या रस्त्यावर उत्तीर्ण होईलच असे नाही. म्हणून परवाना मोटारीला सरसकट न देता एकेका प्रकारच्या रस्त्यासाठी द्यावा, असे मला वाटते.

राहिला पोटाचा प्रश्न. चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितले. ही काळजी खरी आहे. ट्रक, काळी-पिवळी किंवा ॲटो चालवून ज्यांचे घर चालते, त्यांना विचारल्यावाचून हा निर्णय होऊ नये. मात्र “रोजगार जाईल” हा सुरक्षिततेविरुद्धचा पुरावा नव्हे, आणि “सुरक्षित आहे” हे बेकारीवरचे उत्तर नव्हे. दोन प्रश्न वेगळे. त्यांची उत्तरेही वेगवेगळी शोधली पाहिजेत.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा हा निर्णय कदाचित तुमच्याच पिढीला घ्यावा लागेल. तेव्हा मोटार किती चकचकीत आहे हे पाहू नका आणि शेजारी काय म्हणतो एवढ्यावरही जाऊ नका. ती किती किलोमीटर चालली, कोणत्या रस्त्यावर, किती वेळा चुकली आणि चुकली तर जबाबदार कोण, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तरे मिळाली तर खुशाल बसा. न मिळाली, तर खाली उतरून दुसऱ्या गाडीची वाट पाहण्यात काही कमीपणा नाही.