कमवा आणि शिका, पण कोणाच्या वेळात?

माझा भाचा सांगलीजवळच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो. आयटीआय झालेला. गेल्या वर्षी त्याने मोजमाप आणि गुणवत्ता तपासणीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे, चहा घ्यायचा आणि झोपण्याआधी तासभर मोबाईल घेऊन बसायचे, असे बारा आठवडे चालले. परीक्षा केंद्रावर जाऊन दिली, पास झाला. प्रमाणपत्र घेऊन ऑफिसात गेला तर साहेब हसले. "मोबाईलवर शिकलास होय? त्याला काय अर्थ आहे!"

पंधरा दिवसांनी त्याच ऑफिसची नोटीस लागली. सर्व कामगारांनी सुरक्षिततेचे प्रशिक्षण आपापल्या मोबाईलवर पूर्ण करावे, कामाच्या वेळेत करू नये.

भाचा मला विचारतो, "मामू, ह्यातलं खरं शिक्षण कुठलं?"

त्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. शिक्षण दोन्हीही खरे आहे, खोटा आहे तो हिशेब. कामगार स्वतःहून शिकला की ते शिक्षण कवडीमोल, आणि मालकाला हवे असले की तेच सक्तीचे. वेळ मात्र दोन्ही वेळा कामगाराच्या झोपेतून कापायचा.

ऑनलाइन शिक्षणाला नाक मुरडणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. २०२० च्या टाळेबंदीने त्यांच्या हाती आयते कोलीत दिले. रेंजसाठी टेकडीवर चढलेली मुले, तीन भावंडांत एक मोबाईल, हे सारे आपण पाहिले. पण ती आणीबाणी होती. शाळेत जाणाऱ्या मुलाची शाळा बंद करून त्याला स्क्रीनपुढे बसवणे वेगळे, आणि ज्याच्यासाठी शाळेचे दार कधीच बंद झाले त्याला दुसरे दार उघडून देणे वेगळे. सात वर्षांच्या पोराला बाई हव्यात, वर्ग हवा, मैदान हवे, यात वाद नाही. मी बोलतोय तो तीस वर्षांच्या कामगाराबद्दल. नोकरी सोडून तो कॉलेजात जाऊ शकत नाही. गेला तर घरची चूल विझते.

दुरून शिकणाऱ्याला हिणवण्याची खोडही जुनीच. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. ज्यांचे नाव त्याला दिले ते यशवंतराव सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे, कराडला वाढलेले. शाळा सुटलेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून या विद्यापीठात पदवीकडे जाता येऊ लागले. कंडक्टर, पोलीस, अंगणवाडीच्या ताई, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रात बसून पदवीधर झाल्या माणसांना "मुक्तची पदवी" म्हणून टोमणे मारणारे आपणच होतो.

आज साधने कितीतरी वाढली. आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेने २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केले, २०१७ मध्ये सरकारचे 'स्वयम' आले. शिकायला पैसे नाहीत, परीक्षेपुरती फी. पण खरा फायदा पैशाचा नाही. न समजलेला भाग दहादा मागे नेऊन पाहता येतो आणि "एवढंही येत नाही का?" म्हणणारे कोणी नसते. चाळिशीतल्या माणसाला पोरासोरांच्या वर्गात बसण्याची जी लाज वाटते, ती इथे वाटत नाही. मशीनचा नवा प्रोग्राम आधी संगणकावर चालवून बघता येतो. चुकला तर टूल मोडत नाही, बोट जात नाही. आमच्या मोहल्ल्यात लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या किती लेकी-सुना आहेत. कॉलेज दूर आहे, या सबबीवर अडवलेल्या त्या बाईला आता कोणत्या सबबीवर अडवणार?

प्रत्येक गोष्ट स्क्रीनवर शिकता येते, असा दावा मी करणार नाही. मी मिरजेकडे बघून बोलतो. शस्त्रे घडवणाऱ्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये करायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याची जवारी लावायला उस्तादाशेजारीच बसावे लागते, ती कानाची आणि हाताची विद्या आहे. पण ते वाद्य परदेशी पाठवायचे कसे, जीएसटीचा हिशेब ठेवायचा कसा, फोटो काढून विकायचे कसे, हे त्याच कारागिराच्या मुलाला रात्री घरी बसून शिकता येते. ते न शिकल्याने मधला दलाल पोसला जातो.

साताऱ्याने तर कष्ट आणि शिक्षण एकत्र आणण्याचा धडा देशाला दिला. भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. १९१९ मध्ये काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उभे केले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. 'कमवा आणि शिका' हे तिथले सूत्र. त्यात मुलाचे कष्ट होते, तशी संस्थेची जबाबदारीही होती. "तू कमव, तू शीक, आमचा काय संबंध" असे अण्णांनी म्हटले नाही.

आज मात्र या सूत्रातला दुसरा पक्षच गायब आहे. कायद्याला ही गोष्ट केव्हाच कळली होती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात वर्गात शिकण्याचा वेळ हा पगारी कामाचाच भाग धरला आहे. जो हक्क शिकाऊ पोराला, तो कायम कामगाराला का नाही? वर्ग मोबाईलमध्ये आला म्हणून वेळ फुकट झाला काय?

मागण्या साध्या आहेत. कंपनीने सांगितलेले प्रशिक्षण कामाच्या वेळेत, कंपनीच्या संगणकावर, मराठीत द्यावे. कामगाराने स्वतःहून मिळवलेल्या प्रमाणपत्राची दखल बढतीत घ्यावी. शंका असेल तर त्याची मशीनवर परीक्षा घ्या, पण हसू नका. साखर कारखान्यांत गळीत हंगाम संपला की हंगामी कामगार घरी बसतात. पुढच्या हंगामापर्यंतचे ते महिने शिकवण्यासाठी का वापरू नयेत? ग्रामपंचायतीच्या वाचनालयात चार संगणक आणि चांगले इंटरनेट मिळाले, तर जत-माणच्या पोराला शहरात खोली घ्यावी लागणार नाही.

भाच्याने आता दुसऱ्या अभ्यासक्रमाला नाव घातले आहे. मी त्याला म्हटले, प्रमाणपत्र मिळाले की पुन्हा त्याच साहेबांकडे जा. आणि या वेळी सोबत ती नोटीसही घेऊन जा.