कथेंत शिरलेला ग्रंथकार

परवां नातवानें एक इंग्रजी कादंबरी पुढें केली व विचारलें, “आजोबा, यांतला पो खरा कीं कल्पित?”

‘द मॅन हू वॉज पो’ हें अवी या अमेरिकन लेखकाचें पुस्तक १९८९ सालचें. १८४८ सालीं प्रॉव्हिडन्स शहरीं एडमंड या मुलाची बहीण नाहींशी होते. त्यास साह्य करणारा गृहस्थ स्वतःस ऑगस्त द्यूपाँ म्हणवितो. वस्तुतः तो एडगर ॲलन पो. आपण १८४१ सालीं निर्मिलेल्या चतुर शोधकाचें नांव त्यानें धारण केलें आहे.

पो त्या वर्षीं तेथें सेरा हेलन व्हिटमन या कवयित्रीस मागणी घालावयास गेला होता, हें सत्य, एडमंड कल्पित. परंतु कथेचें मर्म निराळेंच. बंधूस बहीण जिवंत हवी. मद्यासक्त पोस मात्र आपल्या गोष्टीसाठीं ती मृत हवी!

असा ग्रंथकार मुलांपुढें ठेवावा काय, असें वडील मंडळी विचारतील. माझ्या मतें अवश्य ठेवावा. प्रतिभा व शील नेहमीं एकत्र नांदतातच असें नाहीं, हें त्यांस कळूं द्यावें. भीति आहे ती दुसरीच. बल्लाळाच्या भोजप्रबंधांत कालिदास, बाण व भवभूति एकाच भोजराजाच्या सभेंत बसतात. वस्तुतः त्यांच्यामध्यें शतकांचें अंतर. या कथा मी वर्गांत इतिहास म्हणून सांगितल्या, ही खंत अद्यापि जात नाहीं.

म्हणून नातवास कागदावर दोन रकाने आंखून दिले: घडलेलें व रचलेलें. वाचकहो, आपणही मुलांजवळ बसून ते भरावे.