मधल्या वर्षांचा खर्च

६ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीच्या पहिल्याच फेरीत भारताची जोडी चीनच्या जोडीकडून ७-६, ५-७, ७-५ अशी हरली. पावणेतीन तासांच्या आसपास चाललेल्या त्या सामन्यात एका बाजूला सानिया मिर्झा आणि प्रार्थना ठोंबरे होत्या, तर पलीकडे पेंग शुआई आणि झांग शुआई. सानिया त्या वेळी दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी होती, त्यामुळे सर्वांचे लक्ष साहजिकच तिच्याकडे लागले होते. तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या चौघींपैकी अधिक विचारात पाडते ती प्रार्थना. ती सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची. भगवंताच्या देवळासाठी आणि धान्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव. तेथील मुलगी २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सानियाबरोबर कांस्यपदक मिळविते आणि दोन वर्षांनी ऑलिंपिकच्या मैदानावर उतरते, ही घटना महाराष्ट्राने जितकी मनावर घ्यावयास हवी होती तितकी घेतली असे दिसत नाही.

पलीकडच्या दोघींकडे पाहिले म्हणजे या सामन्याचा अर्थ अधिक उलगडतो. पेंग शुआई हूनान प्रांतातील. लहानपणीच तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. तरीही ती खेळत राहिली, २०१३ मध्ये विम्बल्डनची आणि २०१४ मध्ये फ्रेंच स्पर्धेची दुहेरीतील विजेती झाली, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचलेली पहिली चिनी खेळाडू ठरली. झांग शुआईची कथा तर याहून बोलकी आहे. चार महास्पर्धांच्या मुख्य फेरीत ती एकापाठोपाठ एक चौदा वेळा पहिल्याच सामन्यात हरली होती. पंधराव्या वेळी, २०१६ च्या जानेवारीत मेलबर्न येथे, तिने जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या सिमोना हालेपला हरविले आणि थेट उपान्त्यपूर्व फेरी गाठली. चौदा पराभव पचविण्यास मनाचा निग्रह लागतो, हे खरेच. पण चौदा पराभव होईपर्यंत कोणालाही खेळत ठेवण्यास पैसा लागतो, आणि हा पैसा कोणी पुरवावा हा प्रश्न मनोनिग्रहाच्या कौतुकात नेहमी हरवून जातो.

चीनने या प्रश्नाचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले होते. गुणी मुले लहान वयातच क्रीडाशाळांत दाखल करावयाची, त्यांचे शिक्षण, भोजन, मार्गदर्शन, प्रवास हे सर्व सरकारने पाहावयाचे, आणि पुढे खेळाडूने जे मिळवावे त्यातला मोठा वाटा सरकारने घ्यावयाचा, अशी ती व्यवस्था. टेनिसमध्ये हा वाटा सुमारे ६५ टक्के होता. अथेन्स येथे २००४ मध्ये ली तिंग आणि सुन तियानतियान यांना दुहेरीचे सुवर्णपदक मिळाले, २००६ मध्ये झेंग जी आणि यान झी यांनी ऑस्ट्रेलियन व विम्बल्डन अशा दोन्ही स्पर्धांत दुहेरीचे विजेतेपद मिळविले, ते याच व्यवस्थेतून. ली ना हीदेखील याच व्यवस्थेची निर्मिती, आणि तिच्याविरुद्ध उभी राहिलेली पहिली मोठी बंडखोरही तीच. वुहान शहरातील ही मुलगी आधी बॅडमिंटन खेळत असे. आठ-नऊ वर्षांची असताना तिला टेनिसकडे वळविण्यात आले. चौदाव्या वर्षी वडील गेले. २००२ मध्ये ती राष्ट्रीय संघातून बाहेर पडली, विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा अभ्यास करू लागली आणि २००४ मध्ये परतली. बीजिंग ऑलिंपिकनंतर, २००८ च्या अखेरीस, तिला आणि पेंग शुआईसह आणखी तिघींना आपला मार्गदर्शक स्वतः निवडण्याची, आपले वेळापत्रक स्वतः ठरविण्याची मुभा मिळाली. मात्र खर्चही ज्याचा त्याने करावयाचा होता. सरकारचा वाटा ६५ टक्क्यांवरून ८ ते १२ टक्क्यांवर आला. २०११ मध्ये ली ना फ्रेंच विजेती झाली. एकेरीतील महास्पर्धा जिंकणारी ती आशियातील पहिली खेळाडू होय. २०१४ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली, क्रमवारीत दुसरे स्थान गाठले आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे त्याच वर्षी निवृत्ती घेतली. दहा वर्षांनी झेंग चिनवेनने पॅरिस येथे ऑलिंपिकचे एकेरीतील सुवर्णपदक मिळविले, तेव्हा ली नाने पाडलेली वाट किती रुळली आहे हे जगाला कळले.

आता एक गंमत पाहा. मिल्टन फ्रीडमन या कट्टर बाजारवादी अर्थशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये शिक्षणावर लिहिताना असे सुचविले होते की यंत्रसामग्री तारण ठेवून कर्ज मिळते, माणूस मात्र तारण ठेवता येत नाही. म्हणून माणसाच्या शिक्षणात भांडवल गुंतविणाऱ्याने कंपनीच्या भागाप्रमाणे त्याच्या भावी मिळकतीतील हिस्सा विकत घ्यावा. ही सूचना अमेरिकेत फारशी कोणी अमलात आणली नाही. साम्यवादी चीनने टेनिसच्या मैदानावर ती जवळजवळ जशीच्या तशी अमलात आणली, फ्रीडमनचे नावही न घेता! फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की फ्रीडमनच्या कल्पनेत करार करणारा मनुष्य सज्ञान होता आणि ‘नाही’ म्हणण्यास मोकळा होता.

आपल्याकडे हा हिस्सा कोण घेते? कोणीच नाही, कारण पैसे कोणी घालतच नाही. अथवा असे म्हणू की तो सारा बाप घालतो. टेनिस हा खेळ मुळातच खर्चाचा. कोर्ट, चेंडू, रॅकेटला पुनःपुन्हा ओढाव्या लागणाऱ्या तारा, मार्गदर्शकाचे मानधन, एवढ्यावर भागले असते तर मध्यमवर्गीय कुटुंब कसेबसे तग धरते. परंतु क्रमवारीतील गुण मिळवावयाचे तर दर पंधरा दिवसांनी नव्या गावी, नव्या देशी जाऊन खेळावे लागते. व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या पायरीवरील स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५००० डॉलर असते आणि ती सर्व खेळाडूंत वाटली जाते. पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलीच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. त्यात परतीचे तिकीट तर सोडाच, धड चार दिवसांचे राहणेही निघत नाही. याउलट २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच सामन्यात हरलेल्या खेळाडूला ६६००० पौंड मिळाले. शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये ‘सुपरस्टारचे अर्थशास्त्र’ मांडले, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण वर्गात देता येणार नाही. गुणांत थोडासा फरक, मोबदल्यात मात्र शेकडो पटींचा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या आकड्यांवरून केलेल्या पाहणीत असे आढळले की व्यावसायिक पातळीवर खेळणाऱ्या चौदा हजारांहून अधिक खेळाडूंपैकी जवळजवळ निम्म्यांना बक्षिसाची एक दमडीही मिळाली नाही. आणि मार्गदर्शकाचा खर्च न धरताही जमाखर्चाची तोंडमिळवणी होण्यासाठी स्त्री खेळाडूला क्रमवारीत २५३ व्या स्थानापर्यंत चढावे लागत होते.

म्हणजे सतराव्या वर्षापासून साधारण तेविसाव्या वर्षापर्यंतचा काळ हा निव्वळ तोट्याचा. ही मधली वर्षे होत. आपल्या राज्याचे क्रीडाधोरण या मधल्या वर्षांच्या अलीकडे बरेच काही करते आणि पलीकडेही करते. अलीकडे तालुका क्रीडा संकुले आहेत, शालेय स्पर्धा आहेत, दहावी-बारावीच्या निकालात खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आहेत. (या गुणांसाठी मार्च महिन्यात शाळांच्या कार्यालयांत जी धावपळ चालते ती शिक्षक व लिपिक मंडळींस सांगावयास नको.) पलीकडे, पदक मिळाले की रोख पारितोषिके, सत्कार, शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षण. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला दरमहा १०००० रुपये हातखर्च मिळतो, तोही स्वागतार्हच. पण निवड होण्याइतपत वर चढलेल्यांसाठी तो आहे, आणि परदेशातील स्पर्धांच्या एका फेरीपुढे ही रक्कम किती टिकणार? बक्षीस देणे म्हणजे दुसऱ्याने पेरलेल्या शेतात सुगीला हार घेऊन जाणे. वऱ्हाडातल्या वाचकाला पेरणीच्या वेळचे कर्ज आणि सुगीच्या वेळचा भाव यांतील फरक समजावून सांगण्याचे कारण नाही.

ऋतुजा भोसलेचे उदाहरण घ्या. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ३० सप्टेंबर २०२३ रोजी रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. पहिला सेट २-६ असा गमावल्यावर तैवानच्या जोडीला ६-३, १०-४ असे मागे टाकले. सारा महाराष्ट्र हर्षभरित झाला. या मुलीची मधली काही वर्षे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळण्यात गेली होती. अमेरिकेतील विद्यापीठे खेळाडूंना शिष्यवृत्त्या देतात, सराव देतात, शिवाय पदवीही देतात. आपली विद्यापीठे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा उरकून ढाली वाटतात. टेनिसमध्ये पुढे जाऊ इच्छिणाऱ्या मराठी मुलीला मधल्या वर्षांसाठी सातासमुद्रापलीकडचे विद्यापीठ गाठावे लागत असेल, तर आपल्या विद्यापीठांच्या क्रीडाविभागांनी याचा विचार करावयास नको काय?

महाराष्ट्राला या खेळाची परंपरा नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. १९३४ मध्ये विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे मुंबईची लीला राव. तिची आई पंडिता क्षमा राव. संस्कृतात तुकाराम-रामदासांची चरित्रे लिहिणारी ही विदुषी स्वतः उत्तम टेनिस खेळत असे. परंतु हे सारे सुखवस्तू घरांतले, जिमखान्यांतले टेनिस होते. खुल्या युगात महास्पर्धेच्या एकेरीच्या मुख्य फेरीत भारतीय स्त्रीचा पहिला विजय नोंदला गेला तो १९९८ मध्ये, निरुपमा वैद्यनाथनच्या रूपाने, लीला रावांनंतर चौसष्ट वर्षांनी. आज पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीचे संकुल आहे, तेथे २०२५ च्या एप्रिलमध्ये बिली जीन किंग चषकाच्या आशिया-ओशनिया गटाचे सामने झाले आणि भारतीय महिला संघ, ज्यात प्रार्थना ठोंबरेही होती, पुढच्या टप्प्यासाठी पात्र ठरला. मुंबईत सीसीआयच्या कोर्टवर २०१७ मध्ये आर्यना सबालेंका जिंकली तेव्हा तिला फारसे कोणी ओळखतही नव्हते. सुविधा आहेत, पण त्या पुण्या-मुंबईत. मंगरूळपीरच्या मुलीला पुणे म्हणजे वेगळे घर, वेगळे भाडे, आणि आईवडिलांपैकी एकाने नोकरी किंवा शेती सोडणे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. विदर्भाला व्यायामाची आस्था नाही असे मुळीच नाही.

माझी सूचना अशी की राज्याने मधल्या वर्षांसाठी एक परतफेडीचा निधी उभारावा. समजा वीस मुली निवडल्या, प्रत्येकीवर वर्षाला दहा लाख रुपये खर्च केले आणि पाच वर्षे ते चालू ठेवले, तर एकूण दहा कोटी रुपये लागतील. कर्ज म्हटले की बाप दचकतो, म्हणून परतफेड मिळकतीशी बांधलेली असावी: खेळातील वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले तरच त्यातील दहा टक्के, तेही दहाच वर्षे. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून उच्च शिक्षणाचे शुल्क याच तत्त्वावर, विद्यार्थ्याच्या पुढील उत्पन्नातून, वसूल करावयास सुरुवात केली. वीसपैकी एखादीच पहिल्या शंभरांत जाईल असे धरून चालू. चार महास्पर्धांत ती केवळ पहिल्या फेरीत हरली तरी आजच्या दरांनी तिला वर्षाला सुमारे तीन कोटी रुपये मिळतील. दहा टक्क्यांनी तीस लाख, दहा वर्षांत तीन कोटी. म्हणजे दहा कोटींपैकी सात कोटींची तूट राहील. ती सरकारने उघडपणे सोसावी, कारण उरलेल्या एकोणीस जणी वाया जात नाहीत. त्यांतूनच अकोला, वाशीम, लातूर, जालना येथे उद्याच्या मार्गदर्शक मिळावयाच्या आहेत.

कोणी म्हणेल, याच पैशात कबड्डीच्या, कुस्तीच्या शेकडो मुली तयार होतील. आक्षेप रास्त आहे. कबड्डीच्या मुलीला मात्र गुण मिळविण्यासाठी परदेशी जावे लागत नाही, ही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. आणि निधी एका खेळापुरताच असावा असेही नाही. बॅडमिंटन, नेमबाजी यांची रडकथा फारशी निराळी नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र करारात काटेकोर राहावे लागेल. रिओत प्रार्थनेच्या समोर खेळलेल्या त्याच पेंग शुआईने २ नोव्हेंबर २०२१ रोजी एका माजी उच्चपदस्थ नेत्यावर अत्याचाराचा आरोप करणारा मजकूर समाजमाध्यमावर लिहिला. तो थोड्याच वेळात नाहीसा झाला, आणि काही दिवस ती स्वतःही लोकांच्या नजरेस पडली नाही. पुढे तिने आपल्या लिहिण्याचा विपर्यास झाल्याचे सांगितले. महिला टेनिस संघटनेने चीनमधील स्पर्धा स्थगित केल्या आणि २०२३ मध्ये त्या पुन्हा सुरू केल्या. ज्या सरकारने हिस्सा घेतला त्याला खेळाडूच्या जिभेवरही हक्क आहे असे वाटू लागते, हा धोका आपल्याकडे नाही असे समजण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये दिल्लीत कुस्तीगीर मुली रस्त्यावर बसल्या होत्या ते फार जुने नाही. म्हणून निधीचा कारभार क्रीडासंघटनांच्या पदाधिकाऱ्यांकडे न सोपविता स्वतंत्र विश्वस्तांकडे असावा, त्यांत निवृत्त खेळाडू स्त्रियांची संख्या निम्म्याहून अधिक असावी, करारावर मुलीची सही ती अठरा वर्षांची झाल्यावरच घेतली जावी, आणि तक्रार केली म्हणून कोणाचाही पैसा थांबविता येणार नाही असे कलम त्यात स्पष्ट शब्दांत लिहावे. निवडही वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, दहावीच्या निकालापूर्वी व्हावी. कारण निकाल लागला की जूनमध्ये घरोघरी जो निर्णय होतो त्यात रॅकेट कपाटावर जाते आणि शिकवणीचे शुल्क भरले जाते.