मुळे वाचली तरच दशमूळ

बृहत् पंचमूळातील बेल, टेटू, शिवण, पाडळ व ऐरण यांचे मूळ काढणे म्हणजे बहुधा झाडच संपविणे होय. त्यात मुळांवर वरूनही आघात होतो. पानांवर धुळीचा थर बसला की अन्ननिर्मिती मंदावते आणि मुळांचे पोषण घटते; अवर्षणात तर पाणी शोषणारी बारीक मुळेच आधी वाळतात. अशा दुर्बल झाडाचे मूळ खणणे म्हणजे त्याचा शेवटचा आधार काढून घेणे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ३) वायू, जल, देश व काल बिघडल्यास औषधींचे रसवीर्य नष्ट होण्यापूर्वीच त्यांचा संग्रह करावा, असे सांगितले आहे. आज त्याचा अर्थ केवळ साठेबाजी असा घेतल्यास उरलेले वृक्षही जातील. आपल्या पवनीलगतचे जंगल २०१२ मध्ये अभयारण्य झाले; तेथील मुळांवर आपण डोळा ठेवू नये.

म्हणून औषधनिर्मात्यांनी बांधावरील लागवडीस आगाऊ खरेदीची हमी द्यावी. भरडा मुळाचा की खोडाच्या सालीचा, कोठला व कोणत्या ऋतूतला, हे वेष्टनावर छापावे; आणि वैद्यांनी ते वाचल्याशिवाय घेऊ नये. रुग्णाला आपण नावाने मूळ देतो, तेव्हा ते मूळच असावे.