विश्लेषण : इंजेक्शन दिलं, पण कागद कुठे आहे?

यंत्रमागावर १२ तासांची पाळी करणाऱ्या कामगाराला ताप आला, तर तो काय करतो? सरकारी रुग्णालयात सकाळी रांग लावली, तर मजुरी बुडते. म्हणून पाळी सुटल्यावर तो गल्लीतल्या दवाखान्यात जातो. एक इंजेक्शन, पुडीतल्या गोळ्या, फार तर एक सलाइन. सकाळी पुन्हा कामावर. भिवंडीत बोगस डॉक्टरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण हे दवाखाने बंद का होत नाहीत, याचं उत्तर या पाळीत आहे.

बोगस म्हणजे नेमकं कोण?

एक, ज्याच्याकडे पदवी किंवा नोंदणीच नाही. दोन, पदवी एका पद्धतीची आणि औषधं दुसऱ्याच पद्धतीची. मुंबईत १९९२ मध्ये होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला चाचण्या न करता अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली. रुग्ण दगावला. ‘पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल’ या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की ज्या पद्धतीचं शिक्षण नाही तिचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा आहे. पत्नीला ३ लाख रुपये भरपाई मिळाली.

महाराष्ट्रात मात्र २०१४ मध्ये कायदा बदलून, ठरावीक अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना काही अटींवर अ‍ॅलोपॅथीची मुभा देण्यात आली. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. परिणामी, पाटीवरची पदवी वाचून कोणाला कसला अधिकार आहे, हे सामान्य माणसाला कळत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केल्यास २ ते ५ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. खरा डॉक्टर चुकला तर? प्रत्येक चूक गुन्हा नसते. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा गंभीर असावा, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं सांगितलं. ते योग्यच आहे. नाहीतर गुंतागुंतीच्या रुग्णाला हात लावायला डॉक्टर धजावणार नाहीत. भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. दावा २ वर्षांत करावा लागतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला किंवा सेवेला शुल्क नाही.

मग अडतं कुठे?

कागदावर. पुडीतल्या गोळीवर नाव नसतं, पैशांची पावती नसते, चिठ्ठी नसते. इंजेक्शनमध्ये स्टेरॉइड होतं की आणखी काही, हे रुग्णालाच ठाऊक नसतं. स्टेरॉइडने ताप उतरतो, बरं वाटतं आणि आतला टायफॉइड किंवा क्षय वाढत राहतो. तब्येत ढासळली की घरचे ठाणे-मुंबईकडे पळतात. तिथला डॉक्टर विचारतो, ‘आधी काय दिलं होतं?’ आणि सगळे एकमेकांकडे बघतात. आयोगासमोरही हाच प्रश्न येतो. ज्याचं नुकसान सर्वांत जास्त, त्याच्याकडेच पुरावा सर्वांत कमी.

काय करायला हवं?

छापे हवेतच, पण एक गाळा बंद केला की पुढच्या गल्लीत दुसरा उघडतो, कारण गिऱ्हाईक तिथेच असतं. राज्य सरकारच्या ‘आपला दवाखाना’ योजनेत दुपारी २ ते रात्री १० ही वेळ ठरवली गेली, ती कल्पना अचूक होती. भिवंडीत असे दवाखाने कारखान्यांच्या वस्तीत हवेत आणि तिथे रात्री खरोखर डॉक्टर हवा. स्वस्त, जवळचा आणि रात्री उघडा असा पर्याय मिळेपर्यंत बोगस डॉक्टर हरणार नाही.

तोवर तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असणं बंधनकारक आहे. तो पाहा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. आयुष डॉक्टरांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे असते. औषधांची नावं असलेली चिठ्ठी मागा. इंजेक्शनची कुपी दाखवायला सांगा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खरा डॉक्टर रागावणार नाही. जो रागावेल, त्याच्याकडून इंजेक्शन न घेतलेलंच बरं.