कानात अजान द्या, तेल नको

बाळ जन्मले की आपण त्याच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत देतो. मग मालिश सुरू होते आणि त्याच कानांत रोज कोमट तेल पडते.

माझ्या भाचीचे बाळ अठरा दिवसांचे होते. दूध मध्येच सोडून रडायचे, कानाला हात लागताच किंचाळायचे. दुपट्यावर पिवळा डाग दिसला. नानी म्हणाल्या, "मळ वाहतोय, दोन थेंब तेल घाला." भाचीने ऐकले नाही, तिने त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले. कानाच्या बाहेरच्या नळीत जंतुसंसर्ग निघाला.

कानातला मळ हा घाण नसून कानाचा रखवालदार आहे. तेल, साबणाचे पाणी किंवा काडी आत गेली की नाजूक कातडी ओली राहते, खरचटते आणि तिथे स्टॅफिलोकोकस, स्यूडोमोनास असे जंतू वाढतात. एवढ्याशा जिवात संसर्ग लवकर रक्तात पसरू शकतो.

म्हणून अंघोळीनंतर कान फक्त बाहेरून मऊ कापडाने टिपा. पू, सूज किंवा लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, अंग गार पडले, बाळ सुस्त झाले किंवा दूध पिईना, तर रात्र असली तरी इस्पितळात न्या. घरात उरलेले थेंब घालू नका. पडदा फाटलेला असेल तर काही औषधे अपाय करतात.

दुआ जरूर मागा, पण इलाजही करा. प्रेषितांची (स.) शिकवण तीच आहे.